धावपट्टी आहे, मग विमान का नाही?

हेडफोन लावलेत ना? एसटीत असाल तर आवाज थोडा वाढवा.

आजचा प्रश्न आपल्या घरचाच आहे. अहमदपूरच्या एका बाजूला नांदेडचं विमानतळ, दुसऱ्या बाजूला लातूरचं. दोन धावपट्ट्यांच्या मध्ये आपण. तरी विमान पकडायचं म्हटलं की बॅग हैदराबाद नाहीतर पुण्याच्याच दिशेनं का निघते?

आधी एक तारीख सांगतो, २७ एप्रिल २०१७. त्या दिवशी पंतप्रधानांनी शिमल्यातून ‘उडान’ योजनेची पहिली विमानसेवा सुरू केली. शिमला म्हणजे इंग्रजांची उन्हाळी राजधानी. तिथलं विमानतळ डोंगराचा माथा सपाट करून बांधलंय, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर. त्याच कार्यक्रमात व्हिडिओवरून आणखी दोन मार्ग सुरू झाले. त्यातला एक आपला, नांदेड ते हैदराबाद!

शिमल्याची अडचण निसर्गाची. उंचीवर हवा विरळ, त्यात धावपट्टी आखूड. त्यामुळे विमानाला वजन कमी ठेवावं लागतं, म्हणजे काही जागा रिकाम्याच. आपल्याकडे मोकळं माळरान आहे. मग आपलं काय अडतं?

अडतं ते हिशेबावर. उडानमध्ये विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या दरात द्यायच्या असतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा होती. यात कंपनीला जो तोटा होतो, तो सरकार भरून देतं. त्यासाठीचा बराचसा पैसा मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवर आकार लावून गोळा होतो. राज्यही २० टक्के वाटा उचलतं. पण ही मदत ३ वर्षांचीच. त्यानंतर मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

खरी परीक्षा इथंच होते. छोट्या मार्गावर बहुतेक वेळा एकच कंपनी असते. नांदेड–हैदराबाद सुरू करणारी ट्रूजेट २०२२मध्ये थांबली. धावपट्टी जागेवरच राहते हो, विमान जातं.

तरी नांदेडकडे एक जमेची बाजू आहे, हुजूर साहिब. २००८मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त या विमानतळाचं रूप पालटलं. पंजाबहून भाविक वर्षभर येतात. म्हणूनच २०२४मध्ये स्टार एअरनं नांदेडला जालंधरजवळच्या आदमपूरशी जोडलं. प्रवासी दोन्ही बाजूंनी मिळतो, हे महत्त्वाचं.

लातूरचं गणित वेगळं. तिथं शिकायला हजारो पोरं येतात, पण ती एसटीनं नि रेल्वेनं. त्यामुळे लातूरच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी विमान नसण्याचाच काळ जास्त.

म्हणून पुढच्या वेळी कुणी भाषणात ‘विमानतळ देतो’ म्हणालं, तर टाळ्यांआधी तीन प्रश्न विचारा. विमान कोण चालवणार? परतीच्या फेरीत कोण बसणार? आणि मदत संपल्यावर, चौथ्या वर्षी काय? मला विचाराल तर चौथ्या वर्षाचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याचंच ऐकावं.

तुमच्या गावाजवळ अशी धावपट्टी असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!