गंधग्राही ओळखणारा प्रतिपिंड : खूण पटली तरच शोध खरा

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या ऊसपट्ट्यात सर्पदंशावरील इंजेक्शन कोणाला नवे नाही. घोड्याला सर्पविषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचली जाते. त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारी प्रथिने तयार होतात. तीच शुद्ध करून रुग्णाला दिली जातात. या प्रथिनांना प्रतिपिंड म्हणतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे हे औषध तयार होते. संशोधनाच्या प्रयोगशाळेत मात्र प्रतिपिंडाचे काम उपचाराचे नसून ओळख पटविण्याचे असते. मानवाच्या गंधज्ञानाचा अभ्यास करताना हे काम फार कठीण ठरते.

गुऱ्हाळातील काहिलीचा गोड वास, साखर कारखान्यातील मळीचा उग्र दर्प आणि कुरकुंभ औद्योगिक वसाहतीजवळचा रसायनांचा वास दौंडचा रहिवासी डोळे मिटूनही वेगळा सांगू शकतो. नाकाच्या वरच्या भागातील चेतापेशींवर गंधाचे रेणू पकडणारी प्रथिने असतात. त्यांना गंधग्राही म्हणतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये त्यांच्या जनुकांचे कुल शोधले. २००४ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० कार्यक्षम ग्राही आहेत आणि एका चेतापेशीवर सामान्यतः एकाच प्रकारचा ग्राही असतो.

कोणता ग्राही कोठे आहे, हे पाहण्यासाठी त्याच्या प्रथिनाचा छोटा तुकडा सशाला किंवा उंदराला टोचून प्रतिपिंड मिळविला जातो. त्याला चमकणारा रंग जोडला की, ग्राही असलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळते. भारतातील सर्पदंशावरील औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालावे लागते. येथे अपेक्षा नेमकी उलट आहे. ४०० भावंडांतून एकालाच ओळखणारा प्रतिपिंड हवा असतो.

अडचण येथेच आहे. अनेक ग्राहींची रचना एकमेकांशी मिळतीजुळती असते. त्यांचा बराचसा भाग पेशीच्या आवरणात रुतलेला असून बाहेर थोडाच दिसतो. शिवाय प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत हे ग्राही बहुधा आवरणापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे १९९८ मध्ये डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचा तुकडा ग्राहीला जोडण्याची युक्ती वापरली गेली. मग ग्राहीसाठी वेगळा प्रतिपिंड लागत नाही. त्या तुकड्याला ओळखणारा पुरतो. २००४ मध्ये ग्राहीला आवरणापर्यंत नेणारी साहाय्यक प्रथिनेही सापडली. मात्र ही युक्ती प्रयोगशाळेतील पेशींपुरतीच उपयोगी आहे. मानवी ऊतीत मूळ ग्राहीच ओळखावा लागतो.

म्हणूनच प्रतिपिंडाची परीक्षा आवश्यक ठरते. ग्राहीचे जनुक घातलेल्या पेशी आणि ते नसलेल्या पेशी यांवर एकच प्रतिपिंड लावतात. दोन्ही उजळल्या, तर तो प्रतिपिंड निरुपयोगी समजावा. त्वचा, शुक्रपेशी आणि पुरःस्थ ग्रंथी यांतही गंधग्राही असल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले आहे. अशा दाव्यांचे मोल या परीक्षेवर अवलंबून असते.

याचा सामान्य माणसाशी संबंध २०२० मध्ये कोविडच्या साथीत स्पष्ट झाला. पुण्यातील ‘आयसर’ने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या साहाय्याने रुग्णांची गंधक्षमता मोजली. त्याच वर्षी प्रतिपिंडांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांतून, विषाणूला प्रवेश देणारे प्रथिन मुख्यतः गंधाच्या चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर असल्याचे दिसले. अनेकांचा वास काही आठवड्यांत का परतला, याचा उलगडा होण्यास त्यामुळे मदत झाली.

वास गेलेल्या माणसाला स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळत नाही. गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात त्या वर्गातील गंधकयुक्त संयुगांना प्रतिसाद देणारा ‘ओआर२टी११’ हा मानवी ग्राही २०१६ मध्ये प्रकाशात आला, तर २०२३ मध्ये ‘ओआर५१ई२’ या ग्राहीची त्रिमितीय रचना उलगडली. अशा रचना हाती आल्या की, ग्राहीचा नेमका कोणता भाग प्रतिपिंडासाठी निवडावा, हे ठरविणे सोपे होते.