घर विकताना : लेखांक ११
माजघरातला कवडसा

चुलीचं पुढच्या रविवारी. मागच्या लेखांकात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबलो होतो आणि आता आत शिरायचं असं ठरलंही होतं, पण मधल्या आठवड्यात तळा गावाहून एका ताईंचं पत्र आलं आणि माझं सगळं लक्ष माजघरातच अडकून पडलं.

ताई लिहितात, घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आता राहायला दोघंच, मुलं पनवेलला. घर काढायचं ठरलं. आतापर्यंत चार गिऱ्हाइकं येऊन गेली. चौघांनाही ओटी आवडली, अंगण आवडलं, तळगड दिसतो म्हणून फोटोही काढले. मग माजघरात शिरले आणि दोन मिनिटांत बाहेर. 'काळोख आहे हो', एवढंच म्हणाले. ताईंचे दोन प्रश्न आहेत. भिंतींना पांढऱ्या टाइल्स लावून घ्याव्यात का? आणि उजेड केला तर मागच्या भिंतीची ओल दिसेल, तिचं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: टाइल्स नकोत. दुसऱ्याकडे सावकाश येतो.

मी ताईंना उलट एकच गोष्ट विचारली. माजघरावर काचेचं कौल होतं का? होतं, म्हणाल्या. 'निसर्गा'त गेलं.

३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते वादळ किनाऱ्यावर चढलं आणि तळा, म्हसळा, माणगाव या पट्ट्यातल्या छपरांचं काय झालं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. पाऊस तोंडावर, माणसं उघड्यावर, शाकारणीला माणूस मिळेना. ज्याला जे मिळालं ते त्याने घरावर घातलं. पुष्कळ घरांवर तेव्हा कौलांच्या जागी पत्रे आले, ते आजही आहेत. त्या घाईत कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. पण कौलांबरोबर माजघरावरचं ते एक काचेचं कौलही गेलं आणि ते परत बसवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. घर त्या दिवसापासून काळोखात आहे आणि राहणाऱ्यांना सवयीने ते जाणवत नाही. गिऱ्हाइकाला पहिल्या पावलात जाणवतं.

या काचेच्या कौलावर माझा फार जीव आहे, तेव्हा थोडं बोलू द्या. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्याआधी कोकणात कुंभाराने चाकावर घडवलेले नळे असत. दर नळा थोडा वेगळा, वाऱ्याने सरकणारा, माकडांनी फोडलेला. मंगळुरी कौल साच्यातून निघतं. त्याला खाचा असतात, ते शेजारच्या कौलात अडकतं आणि खालच्या रिपेवर टेकतं. सगळी कौलं एका मापाची झाली, म्हणूनच त्याच मापाचं काचेचं कौल करता आलं. मातीचं एक काढायचं, काचेचं त्याच जागी सरकवायचं. ना भोक, ना डांबर, ना गळती. भिंतीला खिडकी पाडायची तर गवंडी लागतो, वरचा भार सांभाळावा लागतो. छपराची ही खिडकी एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या कामात होते. आपल्या माजघराला तिन्ही-चारी बाजूंनी खोल्या असतात, बाहेरची भिंत बहुधा नसतेच. त्याला उजेड मिळायचा तर वरूनच.

तो कसा मिळतो, हेही पाहण्यासारखं आहे. तळ्यावर मे महिन्याच्या मध्याला सूर्य अगदी माथ्यावर येतो, पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेला असतो, बाकी सारं वर्ष दक्षिणेला. म्हणून छपराच्या दक्षिण उतारावर कौल बसवलं तर ऊन थेट आत येतं, जमिनीवर कवडसा पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. उत्तर उतारावर बसवलं तर कवडसा कमी, पण उजेड मऊ आणि सारखा. राहायच्या घरात मी उत्तर उतार सांगतो, उन्हाळ्यात बरं पडतं. विकायच्या घरात मात्र एक तरी कौल दक्षिणेला हवं. काळोख्या माजघरात जमिनीवर ताटाएवढा कवडसा पडलेला असला की आत येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघतो, मग मान वर करून आढ्याकडे बघतो, वासे बघतो, खांब बघतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता गिऱ्हाइकाची मान वर जाते का, एवढंच बघत उभा राहतो.

ताईंच्या घरावर पत्रे आहेत. तिथे त्याच नळीच्या मापाचा पारदर्शक पत्रा मिळतो. एक पूर्ण लांबीचा नको, माजघर तापेल. हातभर रुंद तुकडा पुरे, वरच्या आणि खालच्या पत्र्यात नीट दाबून बसवलेला. स्क्रू नळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगटातूनच वाहतं. साधा फायबरचा पत्रा काही वर्षांत पिवळा पडतो. घर या हिवाळ्यात विकायचं असेल तर तोही चालेल, पण आहे तो पिवळा पडलेला तुकडा तसाच ठेवू नका. पिवळट उजेडात भिंत आजारी दिसते. आणि ज्यांच्याकडे काचेचं कौल अजून आहे त्यांनी ते उतरवून धुवा. वरून शेवाळ, आतून चुलीची काजळी. राख आणि ओल्या किशीने घासलं की निघतं. कित्येक घरांत काचेचं कौल आहे हे त्या घरच्यांनाच ठाऊक नसतं, इतकं ते काळं झालेलं असतं.

आता ओटीकडे या. ओटीवर खूश असलेला माणूस माजघरात शिरून नाराज होतो, यात निम्मा दोष त्याच्या डोळ्यांचा आहे. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. आत त्याचा हजारावा हिस्साही नसतो. उजेडातून काळोखात आल्यावर डोळा बऱ्यापैकी सरावायला पाच-दहा मिनिटं घेतो, पुरता सरावायला अर्धा तासही घेतो. कुडा लेण्यांत गेला असाल तर अनुभव असेल. मांदाडच्या खाडीवरच्या त्या डोंगरात २६ लेणी आहेत. उन्हात चढून आत शिरलं की आधी नुसती काळी पोकळी. टेकून बसा, घाम पुसा, आणि जरा वेळाने दगडातले कोपरे, कोनाडे, ओटे एकेक करून पुढे येतात. लेणं तेच असतं.

म्हणून गिऱ्हाईक आल्याआल्या आत नेऊ नका. आपल्याकडे आल्या माणसाला ओटीवर बसवून आधी पाणी द्यायची रीत आहे, ती इथे पुरेपूर उपयोगी पडते. तांब्या-भांडं द्या, कोकम सरबत द्या, सामायिक विहिरीचं, वाटेचं, मोजणीचं जे बोलायचं ते तिथेच सावलीत बोला. दहा मिनिटं गेली पाहिजेत. तोंड अंगणाकडे करून नव्हे, घराकडे करून बसेल अशी खुर्ची मांडा. मग आत न्या. तेच माजघर त्याला दुप्पट उजळ दिसेल, आणि यात कसलीही फसवणूक नाही. घर जसं राहणाऱ्याला दिसतं तसंच त्याला दिसतं आहे.

पुढचं काम कपाट हलवायचं. पहिल्या लेखांकातल्या बार्ब श्वार्झ आठवत असतील. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला १९७२ पासून विक्रीची घरं सजवणाऱ्या त्या बाईंचा भर नवं आणण्यापेक्षा आहे ते बाहेर काढण्यावर होता. आपल्या जुन्या घरांत याला एक जागा ठरलेली आहे. ओटीचं दार, माजघराचं दार आणि परसदार पुष्कळ घरांत एका ओळीत असतात. दारात उभं राहिलं की घराच्या आरपार परसातली केळ दिसावी, वारा खेळावा, म्हणून. नंतर कधी तरी लग्नात लोखंडी कपाट येतं, त्याला दुसरीकडे जागा नसते, आणि ते आतल्या एका दाराला पाठ लावून उभं राहतं. ताईंना फोनवर विचारलं. कपाट आहे, तिथेच आहे, पंचवीस वर्षं आहे. ते हलवा. टाइल्सच्या खर्चात होणार नाही एवढा फरक चार माणसांच्या पाव तासाच्या कष्टात होईल.

भिंतींना चुना. कळीचा चुना आणा, पाण्यात तो सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळतो, उडतो, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. दोन-तीन दिवस भिजू द्या, फडक्यातून गाळा, थोडी तांदळाची खळ आणि चिमूटभर नीळ घाला. दुधाइतका पातळ ठेवून कुंच्याने तीन हात. पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही, माणूस घाबरून जाड लावतो आणि मग पोपडे येतात. वाळताना तो पांढरा होत जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. ताजा चुना अंगावर पडलेल्या उजेडाचे पाचांतले चार भाग परत फेकतो, म्हणजे त्या एका कवडशाचा उजेड खोलीभर पसरतो. भिंतीवर आधी डिस्टेंपर असेल तर ते खरवडून काढावं लागेल, त्यावर चुना धरत नाही.

आणि इथे ताईंचा दुसरा प्रश्न येतो. दगडमातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते, ते हात-दोन हात वर चढतं आणि पृष्ठभागातून उडून जातं. मागे लोणा राहतो. चुना ते पाणी उडू देतो. ऑइल पेंट किंवा टाइल त्याची वाट अडवते, मग पाणी आणखी वर चढून दुसरीकडून फुटतं. माझ्या एका नात्यातल्या घराला आम्ही एप्रिलमध्ये चकचकीत रंग काढला होता. ठरलेलं गिऱ्हाईक इसार द्यायला जुलैत आलं. बोलता बोलता त्याने सहज भिंतीवर तळवा टेकवला आणि रंगाचा हातभर फुगा त्याच्या हाताखाली फुटला. तो काही बोलला नाही. चहा घेतला आणि गेला. त्याला आधी ओल दाखवली असती तर त्याने किंमत थोडी पाडून घर घेतलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

कायदाही हेच सांगतो. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याचं पहिलंच कर्तव्य हे लिहिलं आहे की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष आपल्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने पाहून कळणार नाही, तो त्याला सांगायचा. रंगाखाली झाकलेली ओल नेमकी तशीच. तेव्हा ताई, मागची भिंत चुन्याने पांढरी करा, ओलीचा पट्टा दिसेल तसा दिसू दे, आणि तुम्हीच बोट दाखवून सांगा. कुठल्या महिन्यात कुठपर्यंत चढते, कधी वाळते, परसातलं पाणी कुठून येऊन तिथे मुरतं. तिथे एक चर खणून पाणी फिरवता आलं तर दिवाळीनंतर लगेच फिरवा.

राहिली वेळ. तुमचं परसदार पूर्वेला आहे असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे कपाट हलल्यावर माजघरात सगळ्यात चांगला उजेड सकाळी आठ ते दहा. आलेली चारही गिऱ्हाइकं मुंबईहून निघून, इंदापूरला महामार्ग सोडून, दुपारी एकच्या सुमारास पोचली होती. ताम्हिणीतून येणारे पुणेकरही त्याच वेळेला पोचतील. पाचव्याला आदल्या संध्याकाळी यायला सांगा, मुक्कामाला. अंथरुण ओटीवर घाला. सकाळी चहाच्या आधी परसदार उघडून ठेवा.