एका ओळीपायी

वीसेक वर्षांपूर्वी वर्ध्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पंधरा कॉम्प्युटर होते. सर्व्हरचा पत्ता बदलला की प्रत्येकावरच्या एका फाइलमधली एकच ओळ बदलायची. मी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. कुठेतरी एखादं टिंब राहून जायचं आणि नेमका तोच कॉम्प्युटर परीक्षेच्या दिवशी रुसायचा.

मग लिनक्स आलं, त्यासोबत ‘सेड’. ली मॅकमहॉन यांनी 1973-74 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लिहिलेला हा प्रोग्राम फाइल उघडून बसत नाही. ओळी समोरून जाऊ देतो, जुळेल तिला हात लावतो, बाकीच्या तशाच पुढे सोडतो.

पहिल्याच दिवशी मी फाइल कोरी करून ठेवली. निकाल त्याच फाइलमध्ये वळवला होता ना! आपल्या आज्ञा घेणारं शेल आधी ती फाइल पुसतं, मग सेडला हाक मारतं. त्याच्या ताटात वाढायला काही उरतच नाही. तेव्हापासून जुन्या फाइलची प्रत बाजूला ठेवणारा पर्याय लावल्याशिवाय मी स्क्रिप्ट चालवत नाही. (खोटं कशाला बोलू, दोनदा चालवलीय.)

2023 साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि पत्त्यांची एक जुनी यादी माझ्याकडे आली. एका दमात सगळी नावं बदलली. ‘औरंगाबादला’, ‘औरंगाबादहून’, प्रत्ययांनीही त्रास दिला नाही. पण यादीत बिहारच्या औरंगाबादचेही पत्ते होते. तेही संभाजीनगरात येऊन बसले.

आमच्या जिल्ह्याला हे दुखणं नवं नाही. गांधीजी 1936 मध्ये सेगावात राहायला आले आणि त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावकडे भरकटू लागलं. अखेर 1940 मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. टपाल निवडणाऱ्याला शहाणं करत बसण्यापेक्षा गावाचं नावच बदललं.

मला ती सोय नव्हती. मग बाजूला ठेवलेली प्रत काढली आणि सेडला अट घातली: ओळीच्या शेवटी 431 ने सुरू होणारा पिन असेल तरच हात लाव. बिहारच्या औरंगाबादचा पिन 824 ने सुरू होतो. ते पत्ते घरी परतले. जालन्याचा मात्र 431 चाच. तिथल्या ‘औरंगाबाद रोड’चंही नाव बदललं. ते मी तसंच राहू दिलं.