टर्मिनल सर्व्हरवरील दोष आणि त्यांचे निदान

अनेकांनी एकाच संगणकावर, परंतु आपापल्या मेजावरून, एकाच वेळी काम करावे ही कल्पना संगणकशास्त्रात नवी नाही. विंडोज प्रणालीत ती १९९८ साली ‘विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर एडिशन’ या आवृत्तीने आणली. सिट्रिक्स कंपनीने सिद्ध केलेले तंत्र तिच्या मुळाशी होते. २००९ साली निघालेल्या ‘विंडोज सर्व्हर २००८ आर२’मध्ये या सेवेचे ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ असे पुनर्नामकरण झाले. तथापि ‘टर्मिनल सर्व्हर’ ही जुनी संज्ञा अद्यापि प्रचारात असल्याने येथे तीच योजिली आहे.

या व्यवस्थेचे बहुतेक दोष तिच्या सामायिकतेतून उद्भवतात. स्वतंत्र संगणक अडला तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा, हा उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. टर्मिनल सर्व्हरवर तोच उपाय केल्यास एकाची अडचण दूर होते. परंतु त्याच वेळी काम करीत असलेल्या इतर सर्वांचे, जतन न केलेले लेखन व हिशेब नष्ट होतात. यास्तव उपायापूर्वी निदान हवे, आणि निदानाचा आरंभ अडचण कोणाला येते या प्रश्नापासून व्हावा. एकाच व्यक्तीला प्रत्येक यंत्रावरून अडचण येत असेल तर कारण बहुधा तिच्या खात्यात वा प्रोफाइलमध्ये असते. एकाच यंत्रावरून प्रत्येकाला येत असेल तर ते त्या यंत्रात, त्याच्या परवान्यात अथवा जोडणीत शोधावे. सर्वांनाच एकदम येऊ लागली, म्हणजे मग सर्व्हरकडे वळावे.

सर्वाधिक गोंधळ सत्राच्या, म्हणजे सेशनच्या, स्वरूपाविषयी आढळतो. खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबली की काम संपले, अशी वापरकर्त्याची समजूत असते. वस्तुतः तेवढ्याने केवळ जोडणी तुटते. सत्र सर्व्हरवर जिवंत राहते, त्यातील प्रोग्राम चालूच असतात आणि स्मृती व उघडलेल्या फाइली अडकून पडतात. केवळ व्यवस्थापनासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरवर एका वेळी दोनच सत्रांना मुभा असते. अशी दोन विसरलेली सत्रे शिल्लक राहिली, की तिसऱ्याला जोडणीची संख्या संपल्याचा संदेश मिळतो. अशा वेळी ‘क्वेरी सेशन’ या आज्ञेने सत्रांची यादी पाहावी, संबंधित व्यक्तीला विचारावे आणि तेवढेच सत्र ‘लॉगऑफ’ करावे. तुटलेल्या सत्रांना ग्रुप पॉलिसीने कालमर्यादा घालता येते. मात्र ती फार अल्प ठेवल्यास रात्रभर चालू ठेवलेले दीर्घ गणनाकार्य मध्येच बंद पडते.

दुसरा वर्ग परवान्यांचा. परवाना-सर्व्हर न नेमताही ही सेवा, विंडोज सर्व्हर २००३ पासूनच्या आवृत्त्यांत, १२० दिवस चालते व त्यानंतर जोडणी नाकारते. त्यामुळे चार महिन्यांपूर्वी राहिलेली उणीव एखाद्या सकाळी अकस्मात प्रकट होते, आणि कोणी काहीच बदलले नसल्याने शोध भलतीकडे जातो. परवाने व्यक्तिगणिक विकत घेऊन सर्व्हरवर यंत्रगणिक पद्धत निवडणे, तसेच सर्व्हरच्या आवृत्तीहून जुने परवाने योजणे, हीदेखील नेहमीची कारणे होत. एकाच यंत्राला नकार मिळत असेल, तर त्याच्या रजिस्ट्रीतील ‘एमएसलायसेन्सिंग’ ही नोंद बिघडलेली असू शकते. तिची प्रत राखून ती काढावी व जोडणीचा प्रोग्राम एकदा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवावा, म्हणजे ती नव्याने निर्माण होते.

प्रोफाइलचा दोष वापरकर्त्याला सर्वांत भयावह वाटतो. पडदा रिकामा दिसतो आणि सर्व कागदपत्रे नाहीशी झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मूळ प्रोफाइल उघडता न आल्याने विंडोजने तात्पुरते प्रोफाइल दिलेले असते. डिस्क भरणे, अथवा मागील सत्राने प्रोफाइल पूर्णपणे न सोडणे, ही त्याची सामान्य कारणे. येथे एक सावधानता अत्यावश्यक आहे: तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेली प्रत्येक फाइल सत्र संपताच पुसली जाते. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी त्या दिवशीचे काम अन्यत्र हलवून घ्यावे.

मुद्रणाचे दोष याच्या उलट मार्गाने पसरतात. एका कर्मचाऱ्याच्या प्रिंटरसाठी बसवलेला सदोष ड्रायव्हर सर्वांची सामायिक मुद्रणसेवा बंद पाडतो. सर्व्हरवर मोजकेच ड्रायव्हर ठेवावेत. विंडोज सर्व्हर २००८ पासून उपलब्ध असलेल्या ‘ईझी प्रिंट’ या सोयीमुळे प्रत्येक प्रिंटरचा स्वतंत्र ड्रायव्हर सर्व्हरवर बसवण्याची आवश्यकता पुष्कळशी कमी झाली आहे.

जोडणीच होत नसेल, तर सर्व्हरचे नाव, ३३८९ क्रमांकाचे पोर्ट व ओळखीची पडताळणी या क्रमाने तपास करावा. मे २०१८ मधील सुरक्षा-अद्ययावतनानंतर अनेक ठिकाणी जोडण्या नाकारल्या गेल्या, कारण वापरकर्त्यांची यंत्रे अद्ययावत झाली होती व सर्व्हर मागे राहिले होते. सुरक्षेचा नियम शिथिल करून काम तत्काळ सुरू होत असे; योग्य उपाय मात्र सर्व्हर अद्ययावत करणे हाच होता. पुढच्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, ‘ब्लूकीप’ हा दोष उघडकीस आला. त्यायोगे जुन्या आवृत्त्यांवर परवलीच्या शब्दावाचूनही आक्रमण शक्य होते. सोयीसाठी ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर खुले ठेवणे किती घातक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. बाहेरून येणाऱ्यांसाठी गेटवे अथवा व्हीपीएन हाच मार्ग इष्ट होय.

इतके करूनही सर्व्हर पुन्हा सुरू करणे अपरिहार्य ठरल्यास ‘एमएसजी’ आज्ञेने सर्वांना पूर्वसूचना द्यावी, काम जतन करण्यास पुरेसा अवधी ठेवावा आणि तत्पूर्वी ‘इव्हेंट लॉग’मधील नोंदी व त्यांची वेळ टिपून घ्यावी. मूळ कारण हाती न लागता सर्व्हर केवळ पुन्हा सुरू झाला, तर तोच दोष काही दिवसांनी परत येतो आणि त्याची किंमत पुन्हा सर्वांनाच मोजावी लागते.