सावलीचे माप

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका ऊस आणि द्राक्षे यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील शेतांत राबणाऱ्या स्त्रिया साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याकानांवरून रुमाल गुंडाळतात. भर उन्हाळ्यात इतकी वस्त्रे कशासाठी, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर सूर्यकिरणांच्या स्वरूपात सापडते.

सूर्यापासून प्रकाश आणि उष्णता यांबरोबरच डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही येतात. योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली त्यांचा शोध लावला. वातावरणातील ओझोन वायू त्यांचा पुष्कळ भाग शोषून घेतो. तथापि उरलेले किरण त्वचा पोळण्यास पुरेसे असतात. ते उष्णतेप्रमाणे अंगाला जाणवत नाहीत. म्हणून त्वचा भाजली हे काही तासांनी, ती लाल होऊन चुरचुरू लागल्यावरच कळते.

सुट्टीत कोकणात गेलेल्या मुलांची नेमकी येथेच फसगत होते. कुंभार्ली घाट उतरून गुहागरला किंवा आंबा घाटातून गणपतीपुळ्याला पोहोचले की समुद्रावरील वारा गार लागतो आणि ऊन सौम्य वाटू लागते. परंतु वारा उष्णता हरण करतो. अतिनील किरण त्याला अडविता येत नाहीत. विरळ ढगही त्यांना पुरते रोखीत नाहीत. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के व लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. त्यामुळे छत्रीखाली बसलेल्यालाही त्यांचा उपसर्ग पोहोचतो.

मग उन्हाची तीव्रता ओळखावी कशी? आपली सावली पाहावी. सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर किरण तिरपे असून वातावरणातून लांबचा मार्ग आक्रमून येतात व क्षीण होतात. ती उंचीपेक्षा आखूड असेल, तर आडोसा गाठावा. पलूस आणि गणपतीपुळे ही दोन्ही ठिकाणे १७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. तेथे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एके दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते!

आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रमाणात संरक्षण करते. सावळ्या त्वचेत ते अधिक असते. पण सावळी त्वचा भाजतच नाही, ही समजूत चुकीची आहे. वारंवार भाजलेली त्वचा अकाली सुरकुतते व तिला कर्करोगाचा धोका वाढतो. मात्र याच किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. तेव्हा उन्हाला शत्रू मानू नये, त्याची मर्यादा ओळखावी.

समुद्रस्नान सकाळी किंवा सायंकाळी करावे. घट्ट विणीचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी वापरावी. ओल्या सुती कापडातून किरण अधिक आत शिरतात, म्हणून ओले कपडे बदलावेत. उघड्या अंगाला ऊन-रोधक मलम लावावे. दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर ते पुन्हा लावावे. त्वचा भाजलीच, तर ती थंड पाण्याने निववावी, भरपूर पाणी प्यावे आणि फोड फोडू नयेत. फोड पुष्कळ असतील किंवा ताप आला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

या सर्व नियमांत सावलीचा नियम सर्वांत सोपा आहे. त्याला घड्याळ लागत नाही, पैसा लागत नाही. क्षणभर पायांकडे पाहिले की पुरे.