दारूबंदीचे दोन दरवाजे

न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावर 'ट्वेंटी-वन क्लब' नावाचे एक नामांकित हॉटेल होते. मुळात तो चोरटा गुत्ता! अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी; तरी १ जानेवारी १९३० रोजी तो या जागेत थाटात आला. तळघराला विटांचा दरवाजा, वजन सुमारे अडीच टन. भिंतीच्या फटीत मांस भाजायची लांब सळई खुपसली की तो उघडे. धाड पडली तर बारच्या फळ्या उलटत आणि बाटल्या थेट गटारात जात. मौज अशी की, ते तळघर शेजारच्या १९ नंबरच्या इमारतीखाली होते. 'आमच्या जागेत दारू नाही' असे मालक खुशाल सांगू शकत. (वकिली करणाऱ्या आम्हांस या युक्तीचे कौतुक वाटते.) शहराचे महापौर जिमी वॉकर यांची तर त्या तळघरात राखीव बैठक होती! १९३३ मध्ये बंदी उठली आणि गुत्त्याचे प्रतिष्ठित हॉटेल झाले. २०२० मध्ये कोरोनाकाळात ते बंद पडले.

आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. येथल्या धनिकाला तळघर खणावे लागले नाही. प्रकृतीचे कारण दाखवले की विदेशी मद्याचा परवाना मिळे. दरवाजा कायद्यानेच ठेवला होता. लष्करी मेसला सूट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बलसारा खटल्यात वैध ठरवली. लॉकअपमध्ये गेला तो हातभट्टीवाला आणि त्याचे गिऱ्हाईक. आपले जामखेड मुंबई राज्यात, तर शेजारचे आष्टी-पाटोदा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. म्हणजे शीव ओलांडली की हा कायदाच लागू नाही!

शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी या दारूबंदीला निव्वळ वेडेपणा ठरवले. दारू घरात गाळली जाऊ लागली, त्यामुळे बायका-मुलेही व्यसनात ओढली गेली आणि सरकारचा महसूलही बुडाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. विरोधक यात विसंगती शोधतात. आम्हांस ती दिसत नाही. शील माणूस स्वतः घेतो. फौजदार ते देऊ शकत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पांगरमल येथे जिल्हा परिषद निवडणुकीच्या पार्टीतील विषारी दारूने माणसे मेली. तेव्हाही कायदा होताच. मते मागणाऱ्यांच्या बाटल्या वस्तीत येऊ द्यायच्या का, हे विहारांतील महिला मंडळांनी पुढच्या निवडणुकीआधी बैठक घेऊन ठरवावे. कलमे समजावून सांगायला आम्ही येऊ.