अनवाणी पाऊल आणि भूमीची वीज

नागपुरात अंबाझरीच्या उद्यानात, तेलंगखेडीच्या हिरवळीवर अथवा सेमिनरी हिल्सच्या परिसरात पहाटे फिरावयास येणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक मत वारंवार ऐकू येते. दवाने भिजलेल्या गवतावर काही वेळ अनवाणी चालले असता पृथ्वीतील ऋणविद्युत्कण तळपायांवाटे शरीरात शिरतात आणि त्यांच्या प्रभावाने रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी व निद्रानाश ही दुखणी हटतात, असे ते मत. चालण्यास कोणाही सुज्ञाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु या मताच्या भरवशावर जेव्हा कोणी वैद्याने दिलेल्या गोळ्यांस फाटा देतो, तेव्हा त्याची खातरजमा करणे अगत्याचे ठरते.

हा उपचार आपल्या प्राचीन परंपरेतून आला, असे पुष्कळांस वाटते. रामटेकचा गड अनवाणी चढणारे भाविक अथवा पंढरीचे वारकरी यांचा दाखला त्यासाठी दिला जातो; पण त्या अनवाणी चालण्यामागे श्रद्धा होती, विनम्रता होती, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत दारिद्र्यही होते. विद्युत्कणांची उपपत्ती मात्र गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील क्लिंट ओबर या केबल दूरचित्रवाणीच्या व्यवसायातील गृहस्थांनी पुढे आणली आणि २०१० साली ती पुस्तकरूपाने जगभर पसरली. आपल्या शेजारच्या सेवाग्रामचे नावही या संदर्भात घेतले जाते. जर्मन निसर्गोपचारक अडॉल्फ जुस्ट यांच्या ग्रंथाने प्रभावित झालेले महात्मा गांधी पोटावर व कपाळावर मातीच्या पट्ट्या ठेवीत, आणि १९४२ साली आगाखान पॅलेसमधील बंदिवासात लिहिण्यास घेतलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी त्या उपचाराचे वर्णनही केले, हे खरे. तथापि तो मातीच्या पट्टीचा प्रयोग होता. विद्युत्कणांच्या आजच्या सिद्धांतास त्याची साक्ष काढता येत नाही.

आता मुख्य मुद्दा विजेचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो आणि निरभ्र हवामानात जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचे विद्युत्क्षेत्र असते, ही भौतिकशास्त्रास मान्य असलेली वस्तुस्थिती आहे. परंतु मानवी देहाची वीज साठविण्याची क्षमता अत्यल्प, साधारण १०० पिकोफॅरड इतकी असल्याने, ओल्या जमिनीस पाय टेकताच देह व भूमी यांची विद्युत्पातळी निमिषाच्याही सूक्ष्म अंशात समान होते आणि नळीने जोडलेल्या दोन भांड्यांतील पाणी एका पातळीस आल्यावर जसे वाहणे थांबते तसा तो प्रवाह तेथेच थांबतो. सबब अर्धा तास चालल्याने विद्युत्कणांचा साठा भरत जातो ही कल्पना निराधार आहे. हे विद्युत्कण शरीरातील घातक मुक्त मूलकांस निकामी करतात, असाही दावा असतो; परंतु त्यांचे शमन ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व यांसारखे रेणू रासायनिक क्रियेने करतात. तळपायाच्या कातडीस लागलेले सुटे विद्युत्कण पेशीपेशीत जाऊन ते कार्य करतात असे सिद्ध झालेले नाही.

प्रयोगांचे पुरावे आहेत, असे यावर सांगण्यात येते. त्यांपैकी वारंवार उद्धृत होणारा २००४ सालचा प्रयोग अवघ्या १२ व्यक्तींवर झाला आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, या विषयाच्या समर्थकांस प्रमाणभूत वाटणाऱ्या आढाव्याच्या लेखकांपैकी काहींनी, अशा संशोधनास द्रव्यसाहाय्य करणाऱ्या कंपनीत आपले समभाग असल्याचे स्वतःच नमूद केले आहे. एवढ्या तुटपुंज्या आधारावर कोणत्याही औषधास परवाना मिळाला नसता.

परंतु प्रयोगशाळेपर्यंत तरी कशास जावे? नागपूरच्या पूर्वेस भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत पावसाळ्यात धानाच्या बांधीत घोट्याच्याही वर चिखलात उभ्या राहून, वाकून, दिवसभर परे रोवणाऱ्या हजारो स्त्रियांइतका ओल्या भूमीशी अखंड संपर्क दुसऱ्या कोणाचा असेल? भूस्पर्शाने दाह शमत असता, सांधे मोकळे राहत असते, तर या स्त्रियांची कंबर व गुडघे सर्वांत निरोगी असावयास हवे होते. वस्तुस्थिती किती निष्ठुर आहे, हे त्यांच्याशी दोन शब्द बोललेल्या कोणासही ठाऊक असते. मलदूषित ओल्या मातीतील अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाची कातडी भेदून शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत व तेथून घशामार्गे आतड्यांत पोहोचतात आणि रक्त शोषून पंडुरोग जडवितात. काट्याच्या जखमेतून शिरणाऱ्या बुरशीने पाय सुजवून, छिद्रे पाडून कुजविणाऱ्या मायसेटोमा या रोगाचा सखोल अभ्यास एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांनी केला आणि त्यास हे नाव दिले. तो रोग आजही मुख्यतः अनवाणी राबणाऱ्यांच्याच वाट्यास येतो. घोणस आणि नाग यांचा दंशही बहुधा पायासच होतो. ज्यांच्या पायांत चप्पल असणे हीच आरोग्याची पहिली पायरी, त्यांच्या दारिद्र्यास आपण उद्यानात उपचाराचे नाव द्यावे, हे मला फार क्लेशदायक वाटते.

मग अनवाणी चालण्यात काहीच तथ्य नाही काय? आहे, आणि ते पायाच्या रचनेत आहे. मणिपाल येथील वैद्यांनी २,३०० बालकांची पाहणी करून १९९२ साली असे प्रसिद्ध केले की, पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के होते. तेव्हा स्वच्छ हिरवळीवर मुलांस अनवाणी खेळू द्यावे, ही शिफारस निःशंकपणे करता येते. दवावर चालल्याने चष्म्याचा नंबर उतरतो, हा घरोघरचा समज मात्र सोडून दिला पाहिजे. तो नंबर नेत्रगोलाच्या लांबीवर व पारपटलाच्या वक्रतेवर अवलंबून असतो. पहाटेच्या फेरफटक्यानंतर लागणारी गाढ झोप ही व्यायामाची, सकाळच्या प्रकाशाची व सोबतीची देणगी आहे, आणि ती पायांत बूट असतानाही मिळते.

घरातील विजेच्या बटणपट्टीच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, छिद्रास जोडून निजावयाच्या चटया हल्ली विकल्या जातात, त्यांविषयी अधिक सावधगिरी हवी. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालतात, तरी वैशाखात जमीन सुकली की त्याची वाहकता घटते. जोडणी सदोष असेल तर एखाद्या उपकरणातील बिघाडाचा प्रवाह त्याच तारेने निजलेल्या माणसापर्यंत येऊ शकतो.

ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथील डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात अनवाणी पाऊल टाकणे कोणासही धोक्याचे. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तर भाजल्याचे व खडा रुतल्याचेही कळत नाही आणि एवढ्याशा जखमेतून पाय गमावण्याची वेळ येते. मधुमेही व्यक्तीने घरातही चप्पल वापरावी, रोज तळवे आरशात पाहावे, आणि १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने होणारी संवेदनेची साधी तपासणी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून करून घ्यावी.